नवीन मुलगा आठवडाभर तरी टिकावा म्हणून तुम्ही काय करता?

लेथवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. चार सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग मशीन), ऑफिस धरून २२ माणसं. कामाला तोटा नाही, माणसांना आहे. दिवाळीनंतर सहा नवीन ऑपरेटर घेतले, त्यातले चार गेले. दोघं पहिला पगार हातात पडल्यावर, एक तिसऱ्या आठवड्यात, आणि एक पठ्ठ्या तर पहिल्याच दिवशी दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. फोनही उचलला नाही.

मुलं बहुतेक लातूर, बीड, धाराशिवकडची. आयटीआय झालेली, वाईट नाहीत. आमची पद्धत अशी की पहिल्या दिवशी सेफ्टी शूज आणि गॉगल द्यायचा, हजेरीच्या मशीनवर अंगठा घ्यायचा आणि जुन्या ऑपरेटरशेजारी उभं करायचं. बघ आणि शिक. मीही असाच शिकलो.

मोठ्या कंपन्यांत इंडक्शन वगैरे असतं हे ठाऊक आहे. माझ्याकडे एचआर नाही, हॉल नाही, प्रोजेक्टर नाही. तुमच्या कामाच्या जागी नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात नेमकं काय शिकवतात, कोण शिकवतं? प्रत्यक्ष केलेलं सांगा, पुस्तकातलं नको.

उंटावरचा_शहाणा

पगार वाढवा. धागा संपला.

लेथवाला_भोसरी

@उंटावरचा, आजूबाजूच्या शॉपमध्ये जे देतात तेच देतो, ओव्हरटाइम दुपटीने देतो. चौघांतला एक तर माझ्यापेक्षा कमी पगारावर शेजारच्या गल्लीत लागलाय. म्हणून तर विचारतोय.

बेंचवर_बसलेला

आमच्या आयटीत उलट आजार. मी २०१० साली एका मोठ्या कंपनीत लागलो. चार महिने ट्रेनिंग, सुंदर कॅम्पस, परीक्षांवर परीक्षा. मग प्रोजेक्ट मिळाला आणि पहिले नऊ दिवस माझ्याकडे लॉगिनच नव्हतं. नऊ दिवस मी एक १४० पानी केटी डॉक्युमेंट (जुन्या माणसाने नव्यासाठी लिहून ठेवलेली माहिती) वाचत होतो. त्यातली सिस्टीम दोन वर्षांपूर्वी बंद झालेली आहे हे दहाव्या दिवशी कळलं.

आता मी टीम लीड आहे. माणूस यायच्या आदल्या दिवशी त्याचं मशीन, लॉगिन, मेल सगळं मी स्वतः चालू करून बघतो, आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या हातून एक बारीकशी दुरुस्ती लाइव्ह जाऊ देतो. स्पेलिंगची चूक का असेना. घरी जाऊन "आज मी हे केलं" असं सांगायला काहीतरी हवं ना.

निवृत्त_सिस्टर

जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वॉर्ड इन्चार्ज म्हणून.

नवीन स्टाफ नर्स आली की तिला मी पहिल्या दिवशी पेशंट द्यायचेच नाही. इमर्जन्सी ट्रॉली द्यायची. सगळे कप्पे रिकामे कर, पुस, आणि यादीप्रमाणे परत लाव. तास-दीड तास जातो. बाकीच्या हसायच्या, "सिस्टर नवीन मुलीला झाडलोट करायला लावतात." पण चौथ्या दिवशी चहा पिताना मी मध्येच विचारायची, ॲट्रोपिन कुठंय? हात आपोआप दुसऱ्या कप्प्याकडे गेला पाहिजे. तोंडाने सांगितलं तर मी पास करत नसे, हात जायला हवा. रात्री दोन वाजता पेशंट निळा पडायला लागतो तेव्हा तोंडचं काही आठवत नाही.

दुसरं म्हणजे नवीन मुलीला "समजलं का?" असं कधी विचारू नये. सगळ्या "हो सिस्टर" म्हणतात. "आता मला शिकव" असं म्हणायचं. मी नवीन आणि तू इन्चार्ज. मग कळतं काय समजलंय ते.

बेंचवर_बसलेला

सिस्टर, दंडवत. "मला शिकव" उद्यापासून चोरणार.

पाना_१२_१३

एवढे लाड कशाला? आम्ही शिकलो तेव्हा उस्ताद पाना फेकून मारायचा. सहा महिने नुसतं बुरा (धातूचा कीस) भरणं आणि मशीन पुसणं. सातव्या महिन्यात लेथच्या चकला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागाला, हात लावू दिला. आज ३४ वर्षं झाली, मायक्रोमीटर न लावता बोटाने सांगतो जॉब वर आहे की खाली. हल्लीच्या पोरांना पहिल्या दिवशी सेटर (मशीन लावून देणारा) व्हायचंय, आणि जरा आवाज चढवला की दुसऱ्या दिवशी गायब.

उंटावरचा_शहाणा

काका, तुमच्याबरोबर लागलेल्या किती जणांना पाना लागला आणि ते पळून गेले, ते कुठे लिहितायत इथे? धाग्यावर फक्त टिकलेले येतात :)

पाना_१२_१३

दोघं गेले. एक रिक्षा चालवतो, मजेत आहे. तुझा मुद्दा मान्य नाही, पण हसलो.

कॅश_काउंटर

पानावाल्या काकांशी अर्धा सहमत. मी १९९४ मध्ये एका ग्रामीण शाखेत क्लार्क म्हणून लागलो. अधिकाऱ्यांना स्टाफ कॉलेजात ट्रेनिंग असायचं, आम्हाला थेट काउंटर. तिसऱ्या दिवशी कॅश टॅली होईना, ५०० रुपये कमी. भरले खिशातून, कारण नियमच तो. पहिला पगार यायचा होता, हेड कॅशियरकडूनच उसने घेतले.

मला खरं शिकवलं शाखेतल्या शिपायाने. तो २२ वर्षं तिथे होता. त्याने एवढंच सांगितलं, "साहेब, नोटा हातात असताना कुणाच्या नमस्काराला उत्तर द्यायचं नाही. रावसाहेब असू दे नाहीतर मॅनेजर." मी गड्डी मोजताना मध्येच मान वर करायचो, हीच चूक होती. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. त्यानंतर २८ वर्षांत दोनदाच कमी पडली.

म्हणजे पाना नको, पण कामात मुरलेला माणूस शेजारी हवा. आणि तो बोलणारा हवा.

डुसेलडॉर्फची_मावशी

इथे जर्मनीत मी एका दंत-प्रयोगशाळेत आहे. रुजू झाले त्या दिवशी हातात एक कागद ठेवला, आइनआरबायटुंग्सप्लान. एवढ्या लांब शब्दाचा अर्थ इतकाच की या आठवड्यात काय शिकायचं, कोणाकडून, आणि पुढे सहीला जागा. शिकवणाऱ्याचीही सही आणि माझीही. प्रोबेशनचा काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो, त्यात दोन्ही बाजूंना थोडक्या मुदतीत नोकरीचा करार तोडता येतो. त्यामुळे शिकवण्यात चालढकल झाली तर ती मालकालाच महाग पडते.

पण सगळं कागदावर असूनही एक गोष्ट कोणी सांगितली नाही. इथे वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा. मी दिवसभर वाट बघत बसले की कोणी विश करेल, आणि ते वाट बघत होते केकची. संध्याकाळपर्यंत सगळेच नाराज.

उंटावरचा_शहाणा

हाहा. केकचा रकाना घाला त्या कागदावर.

गाठ_मारणारा

मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, टर्नर ट्रेड. मूळ प्रश्नाला धरून थोडं लांबण लावतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत हाच प्रश्न हजारपट मोठा होऊन आला. कुशल माणसं सैन्यात, आणि जागेवर आलेल्या बायका-पोरांनी कधी मशीन बघितलेलं नाही. १९४० ते १९४५ या काळात तिथे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, थोडक्यात टीडब्ल्यूआय, नावाचा कार्यक्रम चालला. नवीन कामगारांना न शिकवता फोरमनना शिकवायचं, की शिकवायचं कसं. दोन-दोन तासांची पाच सत्रं, बस. युद्धानंतर अमेरिकेत हे मागे पडलं, जपानने उचललं, आणि टोयोटात ते मुरलं.

त्यात पहिल्याच सत्रात एक गंमत असे. प्रशिक्षक एकाला पुढे बोलवायचा आणि दिव्याच्या वायरीला मारतात ती गाठ नुसती तोंडी समजावून सांगायचा. होल्डरच्या आत असते ती, वायर ओढली तर ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून. कोणालाच जमायची नाही. मग दुसऱ्याला एक शब्द न बोलता करून दाखवायचा. तरी नाही. म्हणजे "मी सांगितलं होतं" आणि "मी दाखवलं होतं" ही दोन्ही वाक्यं तिथल्या तिथे निकालात. मग तिसऱ्याला रीतसर. आधी माणसाची भीती घालवायची आणि त्याला किती येतं ते विचारायचं. मग एकेक टप्पा करून दाखवायचा, त्यातली खुबी आणि तिचं कारण सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, बोलत बोलत. मग सोडून द्यायचं, पण अडलास तर कोणाकडे जायचं ते नाव सांगून आणि अधूनमधून डोकावून. सिस्टर तिसरा टप्पा न शिकताच करत होत्या.

यातली खुबी आणि कारण हा भाग लोक खातात. पंपाचा स्टोव्ह आठवा. टप्पे काय? काकडा पेटवा, चावी बंद करा, पंप मारा. खुबी एकच, बर्नर चांगला तापल्याशिवाय पंप मारायचा नाही. कारण, गार बर्नरमधून रॉकेलची वाफ न येता रॉकेलच येतं आणि भडका उडतो. कारण सांगितलं नाही तर घाईच्या सकाळी माणूस खुबी सोडून देतो.

कॅश_काउंटर

भडका! आमच्या आईच्या भुवया १९८१ साली गेल्या त्या यामुळेच.

डुसेलडॉर्फची_मावशी

आणि पिन! पिन मोडून आत अडकली की शेजारी उसनी पिन मागायला कोण जायचं यावरून भांडणं.

निवृत्त_सिस्टर

आमच्याकडे स्टोव्हच्या वॉशरला खोबरेल तेल लावत.

पाना_१२_१३

खोबरेल नाही, गोडंतेल. खोबरेल थंडीत गोठतं.

उंटावरचा_शहाणा

कर्मचारी प्रशिक्षणाच्या धाग्यावर वॉशर. मायबाप वाचकहो, हेच ते मराठी संस्थळ.

नवा_गडी

मी वाचनमात्र असतो, पहिल्यांदा लिहितोय. वय २१, टर्नर झालोय, बीड जिल्ह्यातला. पुण्यात दोन नोकऱ्या सोडल्या, आता तिसऱ्या ठिकाणी सात महिने आहे. म्हणून तिकडची बाजू सांगतो, राग मानू नका.

आयटीआयत आमच्या बॅचला एकच सीएनसी होती आणि २० पोरं. महिन्यात एखादा तास बटण दाबायला मिळायचा. इथं आल्यावर पहिल्या कंपनीत जुन्या ऑपरेटरला काही विचारलं की तो म्हणायचा, "आयटीआय केलंय ना?" दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा विचारलंच नाही. आणि त्याचाही दोष नाही. त्याला नगावर इन्सेंटिव्ह होता. मला शिकवण्यात दहा मिनिटं गेली की त्याचे चार नग जायचे. मी त्याच्या पोटावर पाय देऊन शिकणार होतो.

पण सोडली त्याचं कारण हे नव्हतं. रूमवर आम्ही सात जण. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटायची, तोवर मेस बंद. पहिले चार दिवस मी पार्ले-जी खाऊन झोपलो. बाथरूम कुठंय हे पण दुपारी कळलं, कारण विचारायची लाज. पाचव्या दिवशी आईचा फोन आला, जेवलास का म्हणाली, आणि सकाळी मी एसटीत बसलो. मालकाला वाटलं असेल पोरगं कामचुकार.

आता जिथं आहे तिथं पहिल्या दिवशी सुपरवायझर स्वतः मेसवाल्या मावशींकडे घेऊन गेले आणि म्हणाले, याचा डबा रात्री झाकून ठेवत जा. ट्रेनिंग म्हणाल तर एवढंच झालं. बाकी काम कुठंही शिकता येतं.

निवृत्त_सिस्टर

बाळा, लिहीत जा.

गाठ_मारणारा

एक मशीन आणि २० मुलं. मी तिथेच उभा होतो रे, दुसऱ्या गावात. नगावरच्या इन्सेंटिव्हचा मुद्दा तर मी ३० वर्षांत कुणाला समजावू शकलो नाही, तू दोन ओळीत मांडलास.

लेथवाला_भोसरी

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण लाज वाटत होती. आता सांगूनच टाकतो.

ज्या मुलाने तिसऱ्या आठवड्यात सोडलं, त्याची गोष्ट. ३२ मिलिमीटरचा बोअर (जॉबमधलं भोक), एच सेव्हन, म्हणजे फरक शून्य ते अधिक २५ मायक्रॉनच चालतो. सकाळी एक जॉब ३१.९९ आला. दोन शतांश मिलिमीटर वाढवायला हवा होता. त्या टूलच्या वेअरमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेसाठी मशीनला द्यायच्या दुरुस्तीच्या आकड्यात, आधीच उणे ०.१२ होतं. ०.०२ टाइप करून "+इनपुट" दाबलं की ते उणे ०.१० होतं. त्याने "इनपुट" दाबलं. "इनपुट" दाबलं की जुना आकडा पुसला जाऊन नवीन बसतो. वेअर झालं अधिक ०.०२. बोअर एकदम १४ शतांश वाढला, ३२.१३. इन्स्पेक्टर फेरीवर येईपर्यंत ३८ जॉब भंगारात.

मी सगळ्यांसमोर ओरडलो. तो काही बोलला नाही. संध्याकाळी गेला तो गेला.

हा धागा वाचल्यावर मी माझ्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरला विचारलं, त्याला ही दोन बटणं कोणी समजावली होती का? तो म्हणाला, "त्यात काय समजवायचंय, सगळ्यांना माहीत असतं." मग बाकीच्या पाच जणांना वेगवेगळं विचारलं. पाचही जण एकदा चुकूनच शिकले होते. एक जण माझ्याकडेच चुकला होता, २०१७ ला, त्याने ते चार जॉब बुऱ्यात लपवले होते. आणि ऑफसेट (असा दुरुस्तीचा आकडा) दिला की पुढचा जॉब मोजल्याशिवाय सायकल स्टार्ट करायची नाही, हेही त्या पोराला कोणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा.

पाना_१२_१३

इनपुट आणि प्लस इनपुट. मी टूल चकवर आदळलं होतं त्यात. उस्तादाला आजतागायत सांगितलेलं नाही.

गाठ_मारणारा

लेथवाले, हीच तुमची खुबीची यादी. जुन्यांना "काय शिकवायचं" असं विचारू नका, ते "काही नाही" म्हणतील. "पहिल्या वर्षात तू काय काय मोडलंस?" विचारा. चहा पाजून विचारा, आणि आधी तुमचं मोडलेलं सांगा.

कायदा_काकू

एक व्यावहारिक सूचना. अप्रेंटिस का घेत नाही? ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस कायद्याने ते बंधनकारकच आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक, म्हणजे तुम्ही त्यात बसता. मर्यादा मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के, तुमच्याकडे २२ धरले तर तीन मुलं. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत, जी २०१६ ला सुरू झाली, विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त दरमहा १५०० रुपये, एवढा वाटा केंद्र सरकार उचलतं. पोर्टलवर नोंदणी आणि करार करावा लागतो.

पाना_१२_१३

आणि अप्रेंटिसच्या नावाखाली वर्षभर स्वस्तात प्रॉडक्शन काढून घेतात आणि शेवटी हाकलतात, तेही लिहा की काकू.

कायदा_काकू

लिहिते. तेही होतं. म्हणून करारात शिकवण्याचा भाग असतो आणि शेवटी परीक्षा असते. मालकाने तो भाग खाल्ला तर मुलगा नापास होतो, हे मालकांना एरवी कोणी सांगत नाही.

लेथवाला_भोसरी

काकू, धन्यवाद, सीएला दाखवतो. पण आधी आहेत त्यांना सांभाळू दे.

बेंचवर_बसलेला

धागा वर काढतोय. लेथवाले, सव्वा महिना झाला. पुढे काय?

लेथवाला_भोसरी

आहे आहे, मार्चएंडला अडकलो होतो.

तीन नवीन घेतले, एक गेला (त्याला पोलीस भरती द्यायची आहे, सांगून गेला, पेढे देणार म्हणालाय). दोघं आहेत.

चहाची बैठक झाली. मी माझ्या मोडतोडीपासून सुरुवात केली, तर पाऊण तासात १९ गोष्टी निघाल्या. त्यातल्या अकरा प्रत्येक मशीनजवळ मराठीत लिहून लावल्यात, पहिली इनपुटची. शिकवणाऱ्या ऑपरेटरला त्या आठवड्यात टार्गेट नाही, इन्सेंटिव्ह मागच्या महिन्याच्या सरासरीने. माझे पार्टनर कुरकुरले, मी ३८ जॉबचा हिशोब काढून दाखवला. मुलगा पहिल्या दिवशी मशीन चालवत नाही, बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेऊन चांगले आणि वाईट मिसळलेले २० जॉब मोजून वेगळे करतो. सिस्टरांची ट्रॉली समजा. दोघांपैकी एकाने त्यात मीच पास म्हणून ठेवलेला एक वाईट जॉब काढला. काटा चढलेला होता माझ्या गेजचा.

मेसचं माझ्या भावजयीने बघितलं. सेकंड शिफ्टचे दोन डबे रात्री सिक्युरिटीच्या केबिनमध्ये येऊन थांबतात.

आणि अजून एक. तो जेवणानंतर गायब झालेला मुलगा आठवतो? त्याला मी दुसऱ्या नंबरवरून फोन केला. उचलला. घाबरला आधी. मग म्हणाला, "सर, डबा नव्हता म्हणून बाहेर गेलो. वरच्या मजल्यावर कॅन्टीन आहे हे ठाऊक नव्हतं. वडापाव खाल्ला आणि परत यायला लागलो तर गल्लीच सापडेना." आमचा टी ब्लॉक, सगळे शेड एकसारखे, निळे गेट. पाऊण तास फिरला. सापडलं तेव्हा वॉचमनने पास मागितला. पास अजून छापून आला नव्हता. तो म्हणे गेटसमोर पाच मिनिटं उभा राहिला, मग वाटलं आता आत जाऊन काय सांगायचं, म्हणून निघून गेला.

आता चाकणला आहे. परत ये म्हणालो नाही. तोच जरा थांबून म्हणाला, "सर, त्या दिवसाचे पैसे मिळतील का?" तेव्हाच जीपे केले.

उंटावरचा_शहाणा

अर्ध्या दिवसाचे की पूर्ण?

लेथवाला_भोसरी

पूर्ण. वडापावसकट.